बाबांच्या नावावरचं आईच्या नावावर: फेब्रुवारी ते डिसेंबर 2025

बाबा गेल्यानंतरची बँक, पीएफ, सोसायटी, रजिस्ट्रेशन ही सगळी कामं डिसेंबरमध्ये एकदाची संपली. सुरुवातीला काहीच सुचत नव्हतं, कुठलं काम आधी आणि कुठलं नंतर, कोणाला विचारायचं तेही कळत नव्हतं, आणि ज्याला विचारावं तो वेगळंच सांगायचा. म्हणून हे जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. आमचं घर ठाण्यात, शिवाईनगरला. आई 71 वर्षांची, दादा-वहिनी बंगळूरला, मी लग्न होऊन कळव्याला. एक गोष्ट आम्ही पहिल्या आठवड्यातच ठरवली होती, की आईला घरी बसवून आपण सह्या आणून द्यायच्या असं करायचं नाही, जिथे जिथे काम आहे तिथे तिला घेऊनच जायचं. नातेवाइकांना हे पटत नव्हतं, "या वयात तिला कशाला उन्हातान्हात फिरवता" असं बरेच जण म्हणाले. पण बाबांचं जे काही मला आज माहीत आहे त्यातलं निम्मं मला या रांगांमध्ये आईकडून कळलंय, त्यामुळे मी पुन्हा असंच करेन.

11 फेब्रुवारी 2025, पहाटे, घरीच, झोपेत गेले. वय 76. बाबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरलेला होता आणि त्याची झेरॉक्स फ्रिजच्या बाजूला चिकटवलेली होती, त्यामुळे त्या अवस्थेतही आम्हाला आठवण राहिली. डोळे सहा तासांच्या आत काढावे लागतात. फोनवर नेत्रपेढीवाल्यांनी सांगितलं पंखा बंद करा, डोळे मिटलेले ठेवा, वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या. तेवढं केलं. टीम आली, वीस-पंचवीस मिनिटांत काम झालं, चेहऱ्यात काहीच फरक दिसत नव्हता. शेजारच्या काकूंना वाटत होतं की आईला त्रास होईल, पण आईनेच दार उघडून दिलं आणि त्या डॉक्टरांना बसायला खुर्ची दिली.

घरी मृत्यू झाला असेल तर नेहमीच्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचा दाखला घ्यावा लागतो, तो 4अ नमुन्यात असतो. आमचे डॉक्टर सकाळीच येऊन देऊन गेले. तो नसेल तर स्मशानातही अडतं आणि पुढे नोंदणीलाही. जवाहर बागेत अंत्यसंस्कार झाले, तिथली पावती जपून ठेवली. नोंदणी 21 दिवसांच्या आत करायची असते, आमची वर्तकनगर प्रभाग समितीत झाली आणि दोनेक आठवड्यांत दाखला मिळाला. दाखल्याच्या एकदम दहा प्रती घ्या. प्रतीला फी अगदी थोडी असते आणि नंतर प्रत्येक ठिकाणी "ओरिजिनल दाखवा" म्हणतात. दाखला हातात आल्यावर तिथल्या तिथे नाव, वय, पत्ता, आईचं नाव सगळं आधार कार्डाशी ताडून बघा, नंतरची दुरुस्ती जास्त वेळखाऊ.

आणि बाबांचा मोबाईल नंबर बंद करू नका. हे मला ऑफिसमधल्या मैत्रिणीने सांगितलं आणि तिचे खूप उपकार आहेत. बँक, गॅस, वीज, सगळ्याचे ओटीपी त्यावर येत होते. आम्ही वर्षभराचं रिचार्ज मारून तो फोन आईच्याच उशाशी ठेवला.

तेराव्यानंतर दादा परत जायच्या आधी आम्ही बाबांची लोखंडी पेटी उघडली. बाबा टर्नर होते, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात, लेथवर आयुष्य गेलं. सवयच अशी की प्रत्येक वस्तूला जागा. पेटीत कार्डबोर्डच्या फायली, प्रत्येकीवर ड्रॉइंगवर लिहितात तशा सरळ उभ्या अक्षरात नाव: घर, बँक, पीएफ, मुलं, गाव. तळाशी तेल लावलेल्या मलमलच्या फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. माझ्या मुलाने, तो नववीत आहे, तो लगेच ओळखला आणि उघडला, कारण आजोबांनी त्याला त्यावर रीडिंग घ्यायला शिकवलं होतं. केस मोजायचे म्हणे दोघं बसून. आजोबांचा पांढरा केस, याचा काळा केस, आजीचा, सगळ्यांचे मोजून मागच्या पानावर लिहून ठेवले होते, 0.07, 0.06, असे मिलिमीटरमध्ये. ते पान घराच्या फाईलमध्येच सापडलं, मेंटेनन्सच्या पावत्यांच्या मध्ये. मुलगा त्या दिवसापर्यंत रडला नव्हता, ते पान बघून रडला.

मार्चमध्ये बँकेची कामं. बचत खातं आई-बाबांचं जॉइंट होतं, दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला चालवू शकतो अशा पद्धतीचं, त्यामुळे ते सहज झालं, दाखला आणि आईचं केवायसी देऊन बाबांचं नाव कमी केलं. दुसऱ्या एका बँकेत बाबांच्या एकट्याच्या नावावर एफडी होत्या, नॉमिनी आई. तिथे मात्र आम्हाला सांगितलं कोर्टाचा वारस दाखला आणा. आई घाबरली, कारण कोर्ट म्हटलं की ती घाबरतेच. मी रात्री बसून वाचलं. नॉमिनी नोंदवलेला असेल तर बँकेने वारस दाखला, जामीनदार, बॉन्ड असलं काही मागायचं नाही, रक्कम कितीही असो, आणि कागद पूर्ण दिल्यापासून 15 दिवसांत पैसे द्यायचे, अशा रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत. दुसऱ्या दिवशी तोंडी वाद घातला नाही, साधा अर्ज लिहिला, सोबत क्लेम फॉर्म, दाखला, एफडीच्या पावत्या, आईचं आधार-पॅन, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मागितली. पोच मागितली की काम हलतं हे माझं मत झालंय. मार्चअखेर म्हणून थोडं लांबलं पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे आईच्या खात्यात आले. मुदतीआधी एफडी मोडली तरी मृत्यूच्या केसमध्ये दंड लागला नाही, तेही विचारून घ्या.

त्या बँकेत बसलो असताना आई अचानक सांगायला लागली की पहिली एफडी 1979 ची, पाचशे रुपयांची. लग्न 1976 चं. तेव्हा किसननगरला चाळीत खोली, त्यात हे दोघं आणि गावचे तीन पुतणे-भाचे कामाच्या शोधात आलेले. संगमेश्वरकडून जो येईल तो आधी आमच्याकडे उतरायचा. आई कारखान्यातल्या लोकांचे डबे करायची, सकाळी सातच्या पाळीला पाच-सहा डबे जायचे. ती म्हणाली, "डब्यांचे पैसे त्यांनी कधी घरखर्चात धरले नाहीत, ते माझे म्हणून वेगळे ठेवायचे, त्याची ही एफडी." मला इतक्या वर्षांनंतर कळतंय की आमच्या घरात आईची वेगळी बचत होती आणि ती बाबांनी केली होती.

मे महिना हक्कसोडपत्राचा. इथे जरा सविस्तर लिहिते कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फ्लॅट बाबांच्या एकट्याच्या नावावर, सोसायटीत नॉमिनी आई. आम्हाला वाटलं झालं, आईच्या नावावर होईल. पण वकिलांनी सांगितलं की नॉमिनेशनवर सोसायटी मेंबरशिप देते, मालकी त्याने ठरत नाही. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे बायको, मुलगा, मुलगी (आणि आजी हयात असती तर तीसुद्धा) यांचा सारखा हिस्सा. म्हणजे आमच्याकडे तिघांचा एकेक तृतीयांश. दादाने आणि मी ठरवलं की आमचा हिस्सा आईला सोडायचा, म्हणजेच हक्कसोडपत्र करायचं. हे नुसतं स्टॅम्प पेपरवर नोटरी करून चालत नाही, रजिस्टरच करावं लागतं, स्थावर मालमत्ता आहे म्हणून. मोबदला न घेता, सख्ख्या नात्यात, म्हणून स्टॅम्प ड्युटी टक्केवारीने लागली नाही, 500 रुपये लागले. ऑक्टोबर 2024 पासून शंभर-दोनशेचे बॉन्ड चालत नाहीत, पाचशेचाच घ्यावा लागतो. नोंदणीची फी वेगळी, आणि वकिलांनी मसुदा, डेटा एन्ट्री, टोकन सगळं धरून 12,000 घेतले. स्वतःही करता येतं असं ऐकलंय, पण दादा चार दिवसांसाठी येणार होता, आम्हाला चूक परवडणार नव्हती.

मुलांच्या सुट्ट्या बघून 22 मेची तारीख घेतली. दोन साक्षीदार, त्यांची आधार कार्डं, आमची पॅन-आधार, मूळ ॲग्रीमेंट, मृत्यू दाखला. सकाळी अकराचं टोकन, प्रत्यक्ष नंबर लागायला तीन वाजले, सर्व्हर डाऊन होता. खाऊन जा, पाणी न्या, म्हाताऱ्या माणसाला औषधाची वेळ असेल तर ते पर्समध्ये ठेवा.

त्या चार तासांत आईने ॲग्रीमेंटची फाईल मांडीवर घेतली होती. 1991 चं ॲग्रीमेंट, पिवळं पडलेलं. त्यात एक पत्र निघालं, बाबांनी बिल्डरला लिहिलेलं, आणि मागे पेन्सिलने काढलेला खोलीचा नकाशा. बाबा ताबा घेताना स्टीलचा टेप घेऊन गेले होते आणि आतली खोली एका बाजूने साडेतीन इंच कमी भरली. पत्रात कुठेही रागाचा शब्द नाही. "आपण दिलेल्या नकाशाप्रमाणे माप खालीलप्रमाणे असावयास हवे, प्रत्यक्षात खालीलप्रमाणे आढळते, तरी योग्य ती वजावट करावी." बिल्डरने शेवटच्या हप्त्यातून बाराशे रुपये कमी केले होते. आई म्हणाली त्या बाराशेत स्वयंपाकघराच्या कडप्प्याचं काम झालं. आणि बाकीचे पैसे कुठून आले तेही तिने तिथेच सांगितलं, कारखान्याच्या पतपेढीचं कर्ज, तिच्या पाटल्या, आणि दोन वर्षं बाबांनी केलेला ओव्हरटाइम. दादा ऐकत होता, त्याला आठवतंय की तेव्हा बाबा रविवारीही नसायचे आणि त्याचा त्याला राग यायचा. तो एवढंच म्हणाला, "मला सांगितलं असतं तर." आई म्हणाली, "सात वर्षांचा होतास, काय सांगणार."

मग नंबर लागला. फोटो झाले, अंगठे. आमचे लगेच उमटले, आईचा अंगठा मशीन घेईना. रेषाच झिजल्यात, इतकी वर्षं भाकऱ्या थापून आणि भांडी घासून. ऑपरेटर चांगला मुलगा होता, त्याने ओल्या रुमालाने पुसायला लावलं, मग जरा कोरडं करून, मग दुसरं बोट, शेवटी डाव्या हाताचं बोट घेतलं. आई ओशाळी झाली होती, पण त्याने "आजी, माझ्या आईचं पण असंच होतं" म्हणून सांगितलं. आधी हलकं व्हॅसलीन लावून स्वच्छ पुसून घेतलं तर बरं उमटतं असं तिथल्या एका बाईंनी सांगितलं, पुढच्या वेळी आम्ही तसंच केलं. संध्याकाळी इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झाल्याचा उतारा, मिळाला. त्या रात्री सगळे मामलेदारला मिसळ खायला गेलो, बाबांना तिखट आवडायचं म्हणून दादाने हट्टाने तिखट घेतली.

जूनमध्ये सोसायटीला अर्ज दिला. मूळ शेअर सर्टिफिकेट, मृत्यू दाखला, हक्कसोडपत्राची प्रत, आईचा मेंबरशिपचा अर्ज, 500 च्या स्टॅम्पवर इंडेम्निटी बॉन्ड (नुकसानभरपाईचं हमीपत्र), ट्रान्सफर फी 500 आणि प्रवेश फी 100. प्रीमियम म्हणून कोणी पंचवीस हजार मागितले तर द्यायचे नाहीत, वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर करताना प्रीमियम लागत नाही. नॉमिनेशनच नसेल तर पेपरात जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात, त्याचा खर्च आणि वेळ आमचा वाचला. कमिटीची मीटिंग पावसामुळे पुढे गेली, मग सेक्रेटरी गावी, असं करत ऑगस्टअखेर शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूच्या तक्त्यात बाबांच्या नावाखाली आईचं नाव चढलं. मालमत्ता कर आणि विजेचं बिल त्यानंतर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही, शेअर सर्टिफिकेट आणि दाखला दिला की होतं. आधारचं मात्र सांगते: कुटुंबातल्या व्यक्तीच्या मृत्यूची माहिती देण्याची सोय जून 2025 मध्ये आधारच्या पोर्टलवर आली, मृत्यू नोंदणी क्रमांक टाकून आम्ही ते घरूनच केलं. पण हे सगळ्यात शेवटी करा, बाकीची कामं आटोपल्यावर.

आता पेन्शन. खरं तर हे पहिल्यांदा सुरू केलेलं काम, संपलं सगळ्यात शेवटी. बाबांचा कारखाना डळमळायला लागला तेव्हा 1998 ला त्यांनी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेतली, मग मित्राच्या गाळ्यात जॉबवर्क केलं, आणि 2006 ला 58 पूर्ण झाल्यावर पीएफची ईपीएस (कर्मचारी पेन्शन योजना) पेन्शन सुरू झाली. शेवटी मिळत होते 1,870 रुपये महिना. पेन्शनर गेल्यावर पत्नीला निम्मी मिळते, म्हणजे 935, पण किमान पेन्शन 1,000 आहे म्हणून 1,000. दादा एकदा फोनवर म्हणाला, "महिन्याला हजार रुपयांसाठी आईची एवढी दगदग कशाला, मी पाठवतो." आईने फोन माझ्या हातून घेतला. "तू पाठव, तुझे मी घेईन. पण हे त्यांच्या कामाचे आहेत. तीस वर्षं उभं राहून काम केलंय त्यांनी. ते मी सोडणार नाही." त्यानंतर त्यावर चर्चा झाली नाही.

करायचं काय तर, मृत्यूनंतर बँकेला लगेच कळवायचं, नाहीतर पुढच्या महिन्यांची पेन्शन जमा होत राहते आणि मग परत वळती करावी लागते. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची, प्रत शोधायची, त्यात पत्नीचं नाव आणि जोडफोटो असतो. आम्हाला 10-डी फॉर्म भरायला सांगितला, सोबत दाखला, आईचं आधार, पासबुक, फोटो. आमचं अडलं ते नावावर. गावच्या शाळेच्या दाखल्यात आणि आधारवर बाबांच्या नावापुढे "राव" आहे, कारखान्याच्या रेकॉर्डला नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून दिलं, जुन्या पगारपत्रकाची आणि कारखान्याच्या ओळखपत्राची प्रत जोडली. ती दोन्ही "पीएफ" लिहिलेल्या फाईलमध्ये होती, बाबांनी 1971 पासूनच्या पावत्या ठेवल्या होत्या. काउंटरवरच्या मॅडमनी ती फाईल उलटीपालटी करून बघितली आणि शेजारच्या सरांना दाखवली, इतकी नीट लावलेली फाईल आपल्याला क्वचित बघायला मिळते म्हणाल्या. आईने ते घरी येऊन चार जणांना सांगितलं.

पीएफचं ऑफिस वागळे इस्टेटमध्येच. एमआयडीसी 1962 ला सुरू झाली आणि वागळे ही तिची पहिली वसाहत, बाबा 1968 ला आले तेव्हा सगळीकडे कारखानेच कारखाने. आता आयटीच्या काचेच्या इमारती. ऑक्टोबरमधल्या एका दुपारी काम लवकर आटपलं तर आई म्हणाली जरा चालूया. रिक्षा सोडली. तिने मला बरोबर ती जागा दाखवली जिथे गेट होतं, तिथे आता पार्किंगचा बूम आहे. "इथे मी दर महिन्याच्या सात तारखेला उभी राहायचे, तुला कडेवर घेऊन." पगाराच्या दिवशी. बाबा बाहेर आले की पाकीट न उघडता तिच्या हातात द्यायचे आणि मुलीला घ्यायचे. मला अर्थातच काही आठवत नाही. मला आठवतो तो पितळी भोवरा, साहेबांना विचारून भंगारातल्या तुकड्यातून त्यांनी दादासाठी लेथवर केलेला, आणि मी रडले म्हणून दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी केलेला दुसरा, दादाच्या भोवऱ्यापेक्षा जास्त वेळ फिरणारा. सिक्युरिटीवाल्याने आम्हाला विचारलं कोणाकडे जायचंय. आई म्हणाली, "कोणाकडे नाही, आमचे हे इथे होते."

हयातीचा दाखला आईला आता दर वर्षी द्यावा लागेल. तिच्या बोटांचा प्रश्न आहेच, पण मोबाईलवर चेहरा दाखवून जीवन प्रमाण होतं, घरी उजेडात बसून केलं. ईपीएसला तो दिलेल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरच हवा असं नाही.

डिसेंबरमध्ये पेन्शन जमा झाली, मधल्या महिन्यांची थकबाकी धरून. आईला मेसेज चालत नाही, पासबुकच भरून हवं होतं, म्हणून आम्ही बँकेत गेलो. तिथेच तिने विचारलं, माझ्या मागे तुम्हाला एवढं फिरायला लागू नये म्हणून मी काय भरून ठेवू. नोव्हेंबर 2025 पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवता येतात, आधी एकच असायचा. तिने दादाचं आणि माझं नाव निम्मं-निम्मं टाकलं. सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म तीन प्रतींत भरून दिला, पहिल्यांदा भरताना त्याला फी नाही. मृत्युपत्राचं वकिलांशी बोलणं झालंय, ते फेब्रुवारीत दादा वर्षश्राद्धाला येईल तेव्हा करू. आणि बाबांच्या पेटीत तिने एक नवी फाईल ठेवलीय, वर माझ्या मुलाकडून नाव लिहून घेतलंय, आजोबांसारख्या सरळ उभ्या अक्षरात लिही असं त्याला बजावून.